आधाराने चालतो

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत, आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षी मानायला लागलोय असंही नाही. पण हे पाच वर्षं कुणाला बोललो नाही... आता ओझं होतंय, म्हणून लिहितो.

चिंचवड स्टेशनवरून नदीकडे जाताना निराधार म्हाताऱ्यांचा एक आश्रम होता. पत्र्याची लांब खोली, सोळा खाटा. मी तिथे कारकून. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाला खाटेपासून दारापर्यंत चालवून पाहायचं आणि रजिस्टरात शेरा लिहायचा — स्वतः चालतो, आधाराने चालतो, की उचलावं लागतं. तो शेरा पाहून आया मदतीला जात.

मी कुणाला उठवतच नसे. टेबलावरूनच विचारायचो. "उचलावं लागतं" असं लिहिलं की मागच्या खोलीत हलवत, आणि तिथून कुणी परत येत नसे. म्हणून सगळे चालतो म्हणत. खोटं बोलतायत हे मला कळायचं. पण सोळा जणांना उठवायचा कंटाळा — दुसरं काही नाही.

महाळुंग्याची सारजाबाई त्या सोमवारी पायांवर घोंगडी ओढून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "चालते की भाऊसाहेब. तुमी खुर्ची सोडा, मंग बघू दारात आदी कोन पोचतंय." सगळे हसले. मीही हसलो आणि "स्वतः चालते" लिहिलं. घोंगडीबाहेर आलेला सुजलेला पाय मला दिसला होता.

गुरुवारी आयाने रजिस्टर पाहून तिला न्हाणीत एकटी सोडली. ती पडली, आठवड्याभरात गेली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, चालत होती, मी स्वतः चालवून पाहिलं.

पुढच्या महिन्यात मात्र एकेकाला उठवायला लागलो. दुपारचे तीन वाजले असतील. धोंडिबाची पाळी आली. माझ्या शेऱ्यात तो "आधाराने चालतो" होता. खरं तर दोन आया त्याला उचलून नेत. आज खरं लिहिलं की त्याची रवानगी मागच्या खोलीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

तो उठला. डावा हात कोपरात वाकवून, मूठ आवळून — कुणाचं तरी मनगट धरावं तशी — दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. माझ्या शेजारच्या आयाने हातातली बादली खाली ठेवली.

"कुणाला धरलं होतंत?" मी विचारलं.

"सारजी व्हती न्हवं," तो धापा टाकत म्हणाला. "म्हनली, भाऊसाहेब आज खरं लिवणार हाय, ऊठ."

ती गेल्याचं त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला उठून बसताही येईना.

आयाने डॉक्टरांना सांगितलं; भीतीनं अंगात बळ येतं, असं ते म्हणाले. येत असेल. मी "आधाराने चालतो" हाच शेरा ठेवला. कुणाच्या, ते लिहायला रकाना नव्हता. धोंडिबा कसा चालला हे मला आजही सांगता येत नाही.

सारजाबाईचा शेरा मात्र मी तेव्हाही दुरुस्त केला नाही. ती चालत नव्हती. मला माहीत होतं.