सात लाल चिंध्या

लोधीपुऱ्यातले आमचे मिस्त्री हळू बोलतात, जणू समोरचं इंजिन आत्ताच झोपलंय. टर्बो बसवताना उघड्या पडलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडात ते चिंधी कोंबतात, कचरा आत जाऊ नये म्हणून. कापड इथल्याच पॉवरलूमवर विणलेलं, पण नजरेत भरावं म्हणून लाल रंगवलेलं. काम उरकलं की सातही चिंध्या बाकावर ओळीने मांडून मोजतात.

माझ्या केळीच्या पिकअपला टर्बो बसवला त्या दिवशी त्यांनी नवं गॅस्केट घातलं, टर्बोत हाताने तेल ओतलं, बोटाने त्याच्या आतला पंखा फिरवून पाहिला. आता चावी फिरवायची, एवढ्यात ते थबकले. बाकावर सहाच चिंध्या होत्या.

"मिस्त्री, मळ्यात घड कापून ठेवलेत," मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ. चिंधी आत राहिली तर पंखा खलास."

त्यांनी सगळे पाइप पुन्हा उतरवले. आत काहीच नव्हतं. मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढायला गेलो, तर हातात लाल चिंधी आली. मघाशी केळीचा चीक पुसायला मीच ती उचलली होती.

आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण त्यांनी ती घेतली, ओळीत सातवी ठेवली आणि सुखावून हसले. "चला, गाडीत तर नव्हती," म्हणाले आणि पुन्हा पाना उचलला.

आता ते मोजायला लागले की मी न सांगता दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. ते गंभीरपणे बघून घेतात, मगच चावी मागतात.