नानांशिवाय झालेलं गणिताचं प्रशिक्षण

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या सभागृहात चहाचे थर्मास कुठे ठेवायचे ते दाखवत होते. त्यांच्या मुलाचा आवाज अगदी सपाट होता. "ताई, नाना गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत." मी विचारलं, "मग ते किती वाजता पोचतील?" ...खरंच असं विचारलं. डोक्यात दिवसभराची यादी होती आणि तिच्यात पहिल्या सत्रापुढे त्यांचंच नाव होतं.

भास्कर नाना एरंडोलचे निवृत्त गणितशिक्षक, आमच्या प्रशिक्षणांचे तज्ज्ञ मार्गदर्शक. मी बघायची ते आयोजन : खोल्या, जेवण, हजेरी, बिलं. बरीच वर्षं गणितासाठी वेगळा शासकीय निधी येतच नव्हता. शिक्षकांनी मोबाइलवर चित्रफीत बघायची, बटण दाबायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. नाना प्रस्तावामागून प्रस्ताव पाठवत राहिले. "बटन दाबाले मास्तर कसाले जोयजे?" म्हणजे मास्तर हवाच कशाला, असं ते शिक्षण खात्यातल्या साहेबांनाही ऐकवायचे. साहेब हसून चहा मागवायचे. यंदा निधी आला, तोही मार्च सरता सरता. महिनाअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार, आणि पुढच्या वर्षी 'तुम्ही वापरलाच नाही' म्हणून आमचं नाव कटणार. नानांना धास्ती होती ती याची.

आदल्या संध्याकाळीच त्यांनी फोन करून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी मागवल्या होत्या, शिकवायला. भाकरी कोणत्या खर्चात दाखवू, असं मी करवादले. म्हणाले, "अल्पोपहारात टाका. शिकून झालं की खातीलच ना."

धुळ्याचे आणि शेजारच्या जिल्ह्यातले शिक्षक जमले होते. मी माइकवर बातमी सांगितली. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता झाली, आणि मग पिशव्या उचलल्याचे आवाज आले. श्रद्धांजली वाहिली की शाळा सुटते, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यात अनादर नसतो, उलट थांबणंच वाईट दिसतं. मीही गाडीवाल्याला एरंडोलसाठी फोन लावत होते.

चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतल्या लताअक्का तेवढ्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, मी एकटी सगळे वर्ग सांभाळते. सहा भागिले अर्धा बारा, हे मी पोरांना पाठ करून घेते. भागल्यावर वाढलं कसं, ते मलाच कळत नाही. आज मी अशीच परत गेले तर मला पुन्हा कोण बोलावणार?"

मग साक्रीचे एक गुरुजी पिशवी खाली ठेवत पुटपुटले, "मलेबी नई समजत, अक्का." दोघं-चौघं हसले आणि त्या हसण्यानेच सगळे दचकले. एकेक करून सगळे परत बसले. भाकरी आल्या. सहा भाकरी प्रत्येकाला अर्धी अर्धी दिल्या तर किती जण जेवतील, इथून अक्कांनीच सुरुवात केली. अडखळत, भांडत, दिवसभर चाललं. मी हजेरी घेतली.

एरंडोलला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. नानांच्या पत्नीने, काकूंनी, माझा हात धरला आणि पहिलं हेच विचारलं, "बठ्ठा थांबनात का?" हो काकू, सगळे थांबले, एवढंच मला सांगता आलं.

या गोष्टीला काही आठवडे झाले. परवा शाळाभेटीसाठी अक्कांच्या गावी गेले होते. त्यांनी वर्गाला प्रश्न घातला आणि सरळ जाऊन पोरांमध्ये सतरंजीवर बसल्या. नाना हेच करायचे. प्रश्न विचारला की फळा सोडून शिकणाऱ्यांत येऊन बसायचे आणि उत्तर निघेपर्यंत उठायचे नाहीत. पोरांची वादावादी सुरू झाली. फळ्यासमोर कोणीच नव्हतं... मी मात्र तिकडेच बघत राहिले.