नाव तेच, पासवर्ड तोच

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. समोर बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून वहीत लिहिते.

वायफायवाला घरात आला की मोबाइल छातीशी धरायचा, कुणाला दिसू नये असा, आणि म्हणायचा, "वहिनी, हे तुमच्या कळण्यातलं न्हाय." तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल.

कळंबात माझ्या वरच्या खोल्यांत भरतीची तयारी करणाऱ्या अकरा मुली राहतात. वायफायचा डबा बिघडला की हा नवा बसवायचा, त्याला नवं नाव, नवा पासवर्ड द्यायचा. मग एकेकीचा मोबाइल जोडून द्यायचा. मोबाइलमागं पन्नास रुपये. दोनदा असं झालं. मीच मुलींना म्हणाले, द्या गं, मेहनत आहे त्याची.

दुसऱ्या वेळी त्यातली ईट गावची मुलगी जिन्यात म्हणाली, "काकू, यात तुमचे किती?"

मी तिच्यासमोर देवाची शपथ घेतली, माझा एक रुपयाही नाही. तिनं मग क्लासमध्ये विचारून आणलं. नव्या डब्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला तर मोबाइल आपोआप जोडले जातात.

वैशाखात वीज कडाडली अन् डबा पुन्हा जळाला. तो आला. मी पदर घट्ट धरून म्हटलं, "भाऊ, नाव जुनंच टाका. पासवर्ड पण."

"तसं होत न्हाय, वहिनी."

"टाकून बघा."

तो हसला. मी दारातून हलले नाही. शेवटी टाकलं. चहाला उकळी यायच्या आत वरून मुलींच्या मोबाइलवरचा सरांचा तास ऐकू यायला लागला. एकीनंही मोबाइल खाली आणला नव्हता.

आमचे मालक सोलापूरच्या दवाखान्यात होते, तेव्हा मोबाइलवर त्यांचं तोंड दिसावं म्हणून हाच माणूस भर उन्हात खांबावर चढला होता. रुपया घेतला नव्हता. परका चोर असता तर एवढा संताप झाला नसता.

मी सांगितलं, पैसे परत करा, आणि माझ्याकडे नको, ज्या त्या मुलीच्या हातात द्या. निम्मे लगेच दिले. उरलेल्या पैशांना दीड महिना लावला. गाव सोडून गेलेल्या दोघींना मोबाइलवरून पाठवले, तेही मी बघून घेतले. काल शेवटचे शंभर ईटच्या मुलीच्या हातावर ठेवले.

"आता फिटलं ना, वहिनी?"

"पैसे फिटले," मी म्हटलं.