आता उघडं आहे

आमच्याकडे सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते आले की डोक्यावर पदर घ्यायचा, चहा ठेवून आत यायचं, आणि काही सांगायचंच असलं तर सासऱ्यांमार्फत सांगायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझा आवाज त्यांनी कितीसा ऐकला असेल, देव जाणे. त्यामुळे दुकान बंद करायचं त्यांनी ठरवलं तेव्हा मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. अंगाची नुसती आग आग झाली.

दुकान मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मोटर वाइंडिंगचं. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटर जळली की तिच्यातली काळी झालेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरून द्यायची, हे आमचं काम. भासरे शिकून बुलढाण्याला नोकरीला लागले. आमचे हे मास्तर झाले, दुसऱ्या तालुक्यात असतात, शनिवारी येतात. तार धरायला घरात उरले मी. आधी नुसत्या मोटरी पुसून द्यायचे, मग मामाजी शेजारी बसवून वेटोळी घालायला शिकवू लागले, आणि त्यांची नजर कमी झाली तसं सगळंच काम माझ्या हाती आलं. मला ते काम मनापासून आवडतं, अगदी खरं सांगते. मी केलेली भाजी दुपारी संपते, पण मी भरलेली मोटर पुढची कित्येक वर्षं शेताला पाणी देते.

आणि या दुकानात भासरे मोबाइलची कव्हरं विकणारा भाडेकरू बसवणार होते. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक तुटलं होतं. पूर्वी मोटर जळली की माणूस चहाच्या टपरीवर विचारायचा आणि लोक त्याला आमच्याकडे धाडायचे. आता तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहूनच फोनला विचारतो, आणि फोन त्याला तालुक्याच्या गावचा पत्ता देतो. आमचं दुकान फोनला माहीतच नव्हतं. आमच्या ओळखीचा माणूस टेम्पोत मोटर टाकून आमच्याच दारावरून तालुक्याला गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. वरून त्यानं मला रामरामही केला.

त्या दिवशी भासरे मामाजींना सांगून निघाले, तेव्हा मी आतूनच, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मामाजी, त्यायले सांगा, होळीलोक थांबा मनावं. होळीलोक गिऱ्हाईक नाही आलं त मीच शटरची चाबी देतो." मामाजींनी तोच निरोप शब्दाला शब्द पुढे दिला, दोन हातांवर उभ्या असलेल्या मुलाला. भासरे म्हणाले, बरं, होळीपर्यंत.

दिवाळी नुकतीच झाली होती. हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते, म्हणजे मोटरी जळायचेही दिवस. हंगाम हाताशी होता, फक्त माणूस दारात यायला हवा होता.

नेमका त्याच आठवड्यात कुठल्याशा शहरातून एका मुलाचा फोन आला. तुमचं दुकान सर्चमध्ये पहिल्या पानावर आणून देतो, आमचं पॅकेज घ्या. आवाज असा गोड की साखर कमी पडावी. मला विचारतो, मॅडम, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण? मी म्हटलं, ज्याची मोटर जळली तो. त्याला ते काही पटलं नाही. वय विचारलं, आवडीनिवडी विचारल्या. अरे बाबा, ज्याचं पीक सुकून राह्यलं त्याची कसली आवडनिवड! त्याच्या पॅकेजात माझी कितीतरी तार आली असती. मी फोन ठेवला आणि ठरवलं की हे आपणच करायचं.

दुकानासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं. नकाशावर दुकान टाकायला एक पैसाही लागत नाही हे कळल्यावर त्या मुलाचा पुन्हा एकदा राग आला. मामाजींच्या पाटीवर देवाचं नाव आहे, पण जळक्या मोटरीवाला देवाचं नाव कशाला शोधेल? म्हणून मी सरळ लिहिलं: मोटर वाइंडिंग, सोनाळा. नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायची वेळ आली. आता आमच्याकडे पत्ता कसा सांगतात? मारोतीच्या देवळापाशी या. पाहुणा असो की पोस्टमन, सगळ्यांना तोच पत्ता, तिथून पुढे कुणीही दाखवतं. मी बोट ठेवलं देवळावर.

दोन-चार दिवसांत देवळाचे पुजारी दारात हजर. हातात पूजेचं ताट तसंच, कपाळावर आठ्या. "बाई, देवाच्या पायरीवर लोकं मोटरी आनून टाकून राह्यले. एक जन त मलेच म्हने, संध्याकाळलोक भरून द्याल का? मी का म्हनू?"

मी पदर तोंडाला लावला, पण हसू कुठं थांबतंय. मामाजी तर खोकला येईपर्यंत हसले. गावभर झालं की मारोतीराय वाइंडिंग करायला लागले. मी पुजाऱ्यांना चहा पाजला, दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून जागा दुरुस्त केली, पण मनातून मी खूश होते. लोक फोन पाहून येतात, एवढं तर कळलं! मोटरी उचलून आणल्या आणि त्याच संध्याकाळी भरायला घेतल्या.

पण मग गाडी तिथंच अडली. येणारे येत, पण तालुक्याला जाणारे जास्तच. मी फोटो टाकले, एका बाजूला जळकी मोटर आणि दुसऱ्या बाजूला भरलेली. आसपासच्या कोणकोणत्या गावच्या मोटरी घेतो ते लिहिलं. तरी फार फरक पडेना. पौष आला, आणि होळी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. रोज शटर उघडताना वाटायचं, की हे शटर आता कुणा दुसऱ्याच्या हातात जाणार.

उलगडा केला एका हरभऱ्यावाल्या शेतकऱ्यानं. बाजारात भेटला, मी विचारलं, काका, तुमची मोटर जळली म्हणे, इकडं का नाही आणली? तो म्हणाला, "पाह्यलं ना बाई तुमचं दुकान फोनात. पन लाल अक्षरात लिवलं होतं, बंद हाय. मंग गेलो तालुक्याले."

बंद? दुकानाच्या मागच्याच खोलीत आम्ही राहतो! मी चिडून विचारलं, किती वाजता पाहिलं? तर म्हणे, पहाटे, रातची लाइन होती ना.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे मोटरीची वीज, एक हप्ता दिवसा असते आणि एक हप्ता रात्री. रातची लाइन आली की सगळे एकाच वेळी मोटरी चालू करतात, दाब कमी होतो आणि मोटरी जळतात. माणूस अंधारात विहिरीवर चिखल तुडवत उभा असतो. पहाटे तो फोन काढून विचारतो. आणि मी काय लिहून ठेवलं होतं? मामाजींच्या पाटीवर होतं तेच, दहा ते सहा. ज्या वेळेला माझं गिऱ्हाईक मला शोधत होतं, नेमकं त्याच वेळेला मी त्याला सांगत होते की जा बाबा, बंद आहे.

घरी आले ती फोन घेऊनच बसले. रातच्या लाइनच्या हप्त्यात दुकान पहाटे पाचपासून. दिवसाच्या लाइनच्या हप्त्यात दुपारच्या जेवणाची सुट्टी काढून टाकली, संध्याकाळ वाढवली. लाइनचं वेळापत्रक बदललं की दर हप्त्याला मी वेळ बदलू लागले. मामाजी म्हणाले, पोरी, पाचले उठून करशील का? मी म्हटलं, उठते तर मी रोजच पाचला, आता चुलीआधी शटर उघडेन. इतर दुकानं शहाण्यासारखी नऊ-दहाला उघडणारी. पहाटे साऱ्या नकाशावर लालच लाल, आणि मधोमध एकटं आमचं हिरवं: आता उघडं आहे.

मग काय विचारता! पहिल्याच रातच्या हप्त्यात शटर वर करते तर दारात दोन मोटरसायकली, मागे पोत्यात बांधलेल्या मोटरी. पुढच्या हप्त्यात टेम्पो. सातपुड्याच्या पायथ्यापासून माणसं यायला लागली. एक जण आला, मला पाहिलं, आत डोकावलं, विचारतो, मिस्त्री कुठी हाय? मी म्हटलं, मिस्त्रीच तुमच्याशी बोलून राह्यली. तो जरा अवघडला, पण दुसरं दुकान उघडं कुठं होतं? मोटर ठेवून गेला, आणि पुढच्या वेळी भावाचीही घेऊन आला.

लोकांकडून रिव्ह्यू मागायची मला लाज वाटायची. आपलंच कौतुक कर म्हणून कुणाला सांगायचं? पण आमच्याकडे भरलेली मोटर पहिल्यांदा पाणी फेकते तेव्हा पाइपाच्या तोंडाशी नारळ फोडतात. मी प्रत्येकाला एवढंच म्हणू लागले, पहिल्या पाण्याचा फोटो तेवढा दुकानावर टाका. ते सगळ्यांना जमलं. हळूहळू आमच्या दुकानाच्या पानावर पाणीच पाणी झालं. नारळाच्या करवंट्या, ओले पाय, सरीतून धावणारं पाणी, आणि खाली एखादी ओळ, बाईनं सांजीलोक देल्ली. मामाजी फोन डोळ्याला चिकटवून बघायचे आणि कुणाची कोणती विहीर ते ओळखायचे. तालुक्याच्या दुकानांच्या वर आमचं नाव कधी गेलं, ते मला एका गिऱ्हाइकानंच सांगितलं.

होळीच्या आधीच्या हप्त्यात रातची लाइन होती. पहाटे शटर उघडून दिवा लावते तोच दुकानाचा फोन वाजला. "हॅलो, मोटर वाइंडिंग का? लवकर पाह्यजे होती. सासऱ्यायच्या बगीच्यातली मोटर जळली, संत्र्याचा बहर हाय, पानी नाही भेटलं त गळून जाते."

आवाज भासऱ्यांचा! सासुरवाडी त्यांची आमच्याच तालुक्यातली. मी फोन घट्ट धरून उभी. त्यांना माझा आवाज ओळखू येणार कसा? दाराआडून एकदा ऐकला तेवढाच. मी म्हटलं, मिळेल, आणा. त्यांना हायसं वाटलं असावं, बोलू लागले. म्हणाले, बुलढाण्यावरून बोलून राह्यलो, या वेळेला साऱ्या तालुक्यात तुमचंच एक उघडं दिसलं, फोटो पाहिले, काम चांगलं दिसते. "सोनाळ्यात नवीन टाकलं का दुकान? आमच्या बाबाचंबी एक हाय तिथं, पन ते गेल्यातच जमा हाय."

माझे कान तापले. पदर डोक्यावर घ्यायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. "नवीन नाही भाऊ," मी म्हटलं, "बाबाचंच हाय हे. मी सून बोलून राह्यली. मोटर पाठवा, सांजीलोक भरून देतो."

 पलीकडून हळूच आलं, "बरं." आणि मग, "बाबा उठले का?"

मोटर आली. तिच्या आधी तीन मोटरी होत्या, त्या आधी केल्या. रांग म्हणजे रांग, मग भासऱ्यांचे सासरे का असेनात. ती भरताना मात्र माझा हात असा काही चालला की विचारू नका. उन्हं कलली तेव्हा मोटर बगीच्याकडे निघाली. भासरेही बुलढाण्याहून थेट तिकडेच गेले होते.

होळीच्या दिवशी ते घरी आले. सोबत मोबाइलवाला नव्हता. मी चहा ठेवला, तर मामाजींकडे न बघता मलाच म्हणाले की साखर कमी टाकत जा, डॉक्टरनं सांगितलं. एवढंच. दुकानाचा, भाड्याचा, चाबीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही चाबी कमरेलाच ठेवली.

ते गेल्यावर मामाजींनी हाक मारली, म्हणाले फोन पाहा बरं, काही आलं वाटते. दुकानाच्या पानावर नवा फोटो होता, रात्री काढलेला. संत्र्याची झाडं, फुटलेला नारळ, आणि पाइपाजवळ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे भासरे, पाण्यानं निम्मे भिजलेले. खाली लिहिलं होतं: आमच्या घरचं दुकान हाय, पहाटे उघडते. मी ते मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. डोळे पुसले त्यांनी, आणि मीही पुसले.

दुकानाच्या पानावर आलेल्या प्रत्येक ओळीला मी उत्तर देते. याही ओळीखाली लिहिलं: धन्यवाद भाऊ. होळीनंतरही उघडं राहील.