दुधाची रेघ

रविवार, जानेवारीचा शेवटचा आठवडा, दुपार. ठिकाण लातूर, मुलाच्या घरची पुढची खोली. हजर: मी, माझी मोठी बहीण म्हणजे आपा, तिचे यजमान दुल्हाभाई, मुलाचे आईवडील, मुलाची दादी, आणि दाराच्या चौकटीला टेकून स्वतः मुलगा. गैरहजर: आपाची मुलगी, माझी भाची. लग्न तिचंच ठरत होतं आणि ती नांदेडला घरी थांबली होती.

ही हजेरी मी त्याच दिवशी वहीत लिहिली. आता वाचताना दिसतं, की त्या खोलीत प्रत्येकाला अर्धीच गोष्ट माहीत होती. दोन अर्ध्या एकत्र आणायचं काम माझ्याकडे होतं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. घरी आम्ही दखनी बोलतो. शाळा मराठीत झाली म्हणून लिहिते मराठीत. याद्या करणं हा माझा जुना स्वभाव. कुणाच्या दावतीला कोण आलं, कुणाच्या मय्यतीला कोण यायचं राहिलं, कुणाचा नंबर बदलला, सगळं माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी अभ्यासक्रमात नव्या तऱ्हेचा डेटाबेस आला. त्यात तक्ते नसतात. माणूस म्हणजे एक गोल, आणि दोन गोलांमधलं नातं म्हणजे एक रेघ, तिच्यावर त्या नात्याचं नाव. मुलांना शिकवण्याआधी स्वतःचा हात बसावा म्हणून मी आमच्याच याद्यांतली माणसं भरली. आठवड्यात तीनशेवर गोल झाले. पडद्यावर ते सांडलेल्या वाटाण्यांसारखे सुटे पडलेले होते. मग रेघा ओढायला घेतल्या: आई, बाप, निकाह.

चौथी रेघ आपाच्या सांगण्यावरून वाढवली. दूध.

आमच्यात चुलत-मामे भावंडांचा निकाह होतो. पण एकाच बाईचं दूध प्यालेली दोन मुलं, मग ती कुणाच्या का पोटची असेनात, भावंडं होतात. मध्ये पाच वर्षं गेलेली असोत की दहा. एकदा पाजलं तरी पुरे, असं आमच्याकडचे मौलाना सांगतात. अशांचा निकाह होत नाही, आणि झाला असला तरी तो निकाहच नव्हे. निलंग्याच्या बाजूला ओळखीच्या एका घरात हे लग्नानंतर तीन वर्षांनी उघडकीला आलं. पोरगी कडेवर लेकरू घेऊन माहेरी आली ती अजून तिथंच आहे. लोक तिच्याकडे बघतही नाहीत आणि बघणं सोडतही नाहीत. ते घर आपाने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती म्हणाली, "तुझ्या मशीनमध्ये दूध बी घाल. मग मी हो म्हणते."

मुलाच्या घरची माणसं मी निघण्याआधीच भरली होती, आणि भाचीची दुधाची रेघही नांदेडलाच ओढून ठेवली. ती जन्मली तेव्हा आपाला कावीळ झाली होती, आणि मागच्या गल्लीतल्या फूफीने आठ दिवस तिला पाजलं. ही फूफी आमच्या कुणाचीच आत्या नव्हती. नवरा गेल्यावर एक मुलगा हाताशी आणि एक तान्हं कडेवर घेऊन ती भावाकडे राहायला आली. भावाची मुलं फूफी म्हणत, म्हणून सगळी गल्ली फूफी म्हणे. तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. तिचं सासर कुठलं, हेही कुणी विचारलं नाही. विधवा होऊन आलेल्या बाईला सासरचं विचारत नाहीत. दोन वर्षांपूर्वी ती वारली. माझ्या यादीत ती 'फूफी, मागची गल्ली' होती आणि पडद्यावरही तशीच.

लातूरला मी लॅपटॉप तख्तावर ठेवला. दादी शेजारी सरकून बसल्या.

"ह्यात आपली सगळी माणसं हायेत?"

"हायेत, दादी."

"मेलेली बी?"

"मेलेली बी."

"मंग गर्दी लई झाली आसंल."

मी वही उघडून प्रश्न विचारायला लागले. सात प्रश्न होते. चौथा प्रश्न, मुलाला आईशिवाय कुणी पाजलं होतं का. मुलाच्या आईने मान खाली घातली. उत्तर दादींनी दिलं.

"पाजलं की. हिचं ऑपरेशन झालं, ही पडली दवाखान्यात. शेजारच्या मिलवाल्या भाभीनं चार दिवस ह्याला सांभाळलं. तिचा नवरा दाळमिलमधी होता. ती नसती तर हे ध्यान आज चौकट धरून उभं नसतं."

"दादी, पुरे ना," मुलगा म्हणाला.

"पिताना लाजला न्हाईस, आता लाजून राहिलास व्हय?"

सगळे हसले. मी टाइप करायला घेतलं.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. असलेल्या दोन गोलांमध्ये रेघ ओढायची आज्ञा दोन तऱ्हांनी देता येते. पहिलीत दोन्ही टोकं आधी शोधायची. त्यातलं एक जरी सापडलं नाही तर काहीच घडत नाही, चूकही दाखवली जात नाही. दुसरीत न सापडलेलं टोक यंत्र स्वतःच बनवतं आणि रेघ ओढून मोकळं होतं. माझा नियम पहिलीचाच. नातं जोडायचं ते असलेल्या माणसांत. नवं माणूस आणायचं तर आधी त्याची चौकशी. प्रयोगशाळेच्या फळ्यावर हा नियम मी माझ्या हाताने लिहिला आहे.

पहिली आज्ञा दिली. काही झालं नाही. शब्द बदलून पुन्हा दिली. पडदा तसाच. सहा माणसं माझ्या बोटांकडे बघत होती. सरबताचे ग्लास रिकामे झाले होते.

"तुझं मशीन उपाशी हाय का गं?" दादींनी विचारलं.

"कॉलेजातबी असंच चालतं का, सालीसाहेब?" दुल्हाभाई म्हणाले. "मग पोरं पास कशी होतात?"

मी दुसरी आज्ञा दिली. लगेच उत्तर आलं: एक गोल तयार झाला, एक रेघ तयार झाली. मी रेघ झाल्याचं वाचलं. गोल झाल्याचंही वाचलं, पण ते मला साहजिक वाटलं. लातूरची बाई, आमच्या नांदेडच्या यादीत कशाला असेल? ती आता कुठे असते, एवढं एक विचारायला हवं होतं. सातांत तो प्रश्न नव्हता.

मग भाचीपासून मुलापर्यंत कुठल्याही रेघांनी जाता येतं का, ते विचारलं. यंत्राने शोधलं. वाट नव्हती.

"साफ आहे," मी म्हणाले.

आपाने डोळे पुसले. मुलाच्या आईने साखरेची वाटी आणली. पहिली चिमूट दादींनी माझ्या तोंडात घातली. "हिला आधी. काम हिनं केलं."

परतीच्या गाडीत आपा लोह्यापर्यंत गाढ झोपली. गेले कित्येक महिने ती अशी झोपली नव्हती.

तीन आठवड्यांनी पत्रिका छापून आल्या. लातूरकडची पाहुण्यांची यादी आणि आमची यादी एकत्र करून, कुणाला पत्रिका दोनदा जाऊ नये, हे बघायचं काम अर्थात माझं. अशा वेळी मी नावांवर जात नाही. आमच्याकडे एकाच माणसाला चार घरांत चार नावं असतात. मी मोबाइल नंबरांवर जाते. यादी नंबरांच्या क्रमाने लावली आणि एकाखाली एक सारखे नंबर शोधायला लागले. सात-आठ निघाले. चुलते, व्याही, एक फोटोवाला. त्यातली एक जोडी अशी होती:

आमच्या यादीत, 'फूफीचा मोठा मुलगा'.

लातूरच्या यादीत, 'मिलवालीचा मुलगा, रिक्षा'.

प्रयोगशाळेत त्या वेळी तीस मुलं होती. कुणीतरी प्रिंटर अडकल्याचं सांगत होतं. मी त्या दोन ओळी बोटाने धरून बसले, जणू बोट काढलं तर त्या सरकतील.

जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला. आई वारल्यावर तो लातूरला परत गेला होता, हे मला माहीत होतं. परत, हा शब्द तेव्हा मला टोचला नव्हता.

"सलाम बाजी. लग्नाचं कळलं. पत्रिका मला दोन्हीकडून मिळणार बघा."

"अम्मी लातूरला असताना लोक त्यांना काय म्हणायचे रे?"

"मिलवाली. अब्बा दाळमिलला होते ना. का हो?"

"यादीसाठी."

"घ्या लिहून. आन बाजी, नवरदेवाला आपल्याच रिक्षातून आणणार बरं का. आमच्या घरात खेळलंय ते पोरगं. अम्मी असती तर नाचली असती."

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला. मीच बनवलेला तो खोटा गोल काढून टाकला. मग पहिल्या तऱ्हेची आज्ञा लिहिली: मुलाला शोध, 'फूफी, मागची गल्ली'ला शोध, दोघं सापडले तर मध्ये दुधाची रेघ ओढ. दोघं लगेच सापडले. ते पहिल्या दिवसापासून तिथंच होते.

पुन्हा वाट विचारली. भाची, फूफी, मुलगा. दोनच रेघा. तीनशे माणसांत याहून जवळची वाट निघणं कठीण.

ती रेघ पुसणं सोपं आहे. एका ओळीचं काम. आपाला फूफी माहीत आहे, दादींना मिलवाली, आणि दोन्ही दुधं एकाच बाईची हे फक्त मला. पण फूफीचा मुलगा रिक्षा सजवून लग्नाला येणार. दोन्हीकडचे लोक त्याला ओळखणार. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विचारणार, तू इकडचा की तिकडचा. तो हसत सांगणार. त्या दिवशी, किंवा त्यानंतर तीन वर्षांनी.

संध्याकाळी भाची आली. पत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसूनच बोलायला लागली. मेहंदी कुणाकडून, शरारा किती घेराचा.

"खाला, ते म्हणतात तुमच्या मशीनमधला आमच्या दोघांचा फोटो काढून द्या. फ्रेम करणार म्हणे."

"त्यात फोटो नसतात. नुसते गोल असतात."

"मग गोल तर गोल. मध्ये रेघ पाहिजे फक्त."

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. ती म्हणाली, "इतकं काय बिघडलं? मला बी बघू द्या की." मी चार्जिंग संपल्याचं सांगितलं. वायर जोडलेली होती. तिने वायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे शराऱ्याचंच बोलत राहिली, पण हळू.

मौलानांकडे मी एकटी जाऊन आले. कुणाचं नाव न घेता विचारलं. चार दिवस, आठ दिवस, मध्ये पाच वर्षं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "निकाह झाला का?" मी नाही म्हणाले. "मग वेळ आहे," ते म्हणाले. "घरच्यांना सांगितलंत?"

आज गुरुवार. आपाचा सकाळी फोन होता. लोह्याच्या पत्रिका वाटून झाल्या, उद्या निलंगा, परवा लातूर. तिचा आवाज चढलेला, आनंदी. मागे दुल्हाभाई मंडपवाल्याशी घासाघीस करत होते.

"तुझ्या यादीत आता काय राहिलं?" तिने विचारलं.

"एक राहिलंय."

"काय?"

"घरी येऊन सांगते."

"ये मग. पण लवकर ये, आम्ही उद्या सातच्या एसटीने निघणार."

निकाहाला बारा दिवस आहेत. वहीत या पानावर बाकी सगळ्या कामांवर खूण आहे. आपाला सांगणे, याच्यावर नाही.