फ्रीजमधली माती

घरातली पोरगी मायक्रोबायोलॉजी शिकायला लागली की किस्से जमवावे लागत नाहीत. फ्रीज उघडला की अंगावर पडतात! माझी नात सायली पनवेलच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. प्रोजेक्टसाठी तिला मातीतले असे जंतू हवे होते, जे अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. म्हणून गावोगावची माती डब्यांत भरून माझ्या फ्रीजमध्ये!

माझ्या नणंदेनं एक डबा उघडून हुंगला. म्हणाली, "वयनी, मसाला करपला गो तुझा!"

*

उलव्याला सायली चमच्यानं माती भरत होती. एक एजंट धावतच आला. "मॅडम, प्लॉट बघताय?"

"नाही हो, चमचाभर माती हवी."

"विमानतळ येतोय मॅडम, चमच्याचापण रेट वाढलाय!"

*

एकदा मी विचारलं, "औषधानं मरत नाय, असं काय हाय त्या जंतूंकडं?"

"त्यांच्याकडे एन्झाइम असतं, आजी. औषध जवळ आलं की ते त्याचे तुकडे करतं."

माझं माहेर करंज्याच्या कोळीवाड्यातलं. म्हटलं, "म्हंजे आमी कोलंबीची मुंडी मोडतो तसं!"

पोरीनं वर्गात हेच सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोलंबी कधी आणतेस?"

*

त्या वर्षी आमच्या ह्यांचा खोकला हटेना. मी अँटिबायोटिकची कॅप्सूल हातावर ठेवायची. हे तांब्या घेऊन मागच्या दारी जायचे, मोगऱ्याच्या कुंडीपाशी चूळ भरायचे, आणि "घेतली गो!" म्हणत आत यायचे. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. हे म्हणाले, "डॉक्टरच बोगस हाय!"

*

एक दिवस सायली रडतच घरी आली. जंतूंच्या प्लेटमध्ये औषधाची टिकली ठेवायची आणि कोण जगतं ते बघायचं. तर करंज्याचे मेले, उलव्याचेही मेले! सोमवारपर्यंत एकही जगणारा मिळाला नाही, तर प्रोजेक्ट रद्द.

रडणं ऐकून शेजारच्या रझियाभाभी धावल्या. "कोण गेलं?"

"जंतू."

"या अल्लाह! सगळे?"

*

मी म्हटलं, "गावभर कशाला फिरतेस? माझा मोगरा बघ कसा जोरात हाय. त्याची माती ने."

सोमवारी पोरगी नाचत आली. जंतू टिकलीला खेटून बसले होते! "आजी, तीन औषधं लावली, एकालाही भीक घातली नाही! मॅडमनी विचारलंय, त्या कुंडीत पाण्याशिवाय काय घालता?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आधी खोकले. मग म्हणाले,

"तरीच मोगऱ्याला कधी खोकला झाला नाय!"