यादीत नसलेलं जेवण

वडगाव रासाईहून आमचं सामान घेऊन टेम्पो निघाला, तेव्हा माझ्या हातात वही होती आणि वहीत एकतीस वस्तू. गॅसची शेगडी, मुलीची सायकल, ट्रायपॉड, पाण्याचं पिंप. एकेकीपुढं टिक करत होतो. बायको आईच्या गळ्यात पडून रडत होती. मी दोरी तपासत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, टेम्पोवर हात ठेवून म्हणाले, "यादी केलीस नव्हं? मग इसरायचं काय न्हाई. व्हा पुढं."

यादीची सवय कुरकुंभची. तिथल्या केमिकल कंपनीत बारा वर्षं शिफ्ट केली. चेकलिस्टवर सही झाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर विनोदी व्हिडिओ काढायचो. त्यात आप्पा हट्टी म्हातारा. मोजणीवाला येवो नाहीतर जावई, आप्पांचा एकच सवाल: "मला इचारलं व्हतं का?" लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मी नोकरी सोडून हडपसरला आलो. दोन वर्षं चॅनल चालवायचं, मग स्वतःचा सिनेमा काढायचा, असं वहीत लिहून ठेवलंय. शिफ्टमधल्या माणसावरची पटकथा तयार आहे. ज्याला ऐकवावी तो शेवटी विचारतो, "आप्पा आहेत ना यात?"

त्याला सात वर्षं झाली. सहा जणांची घरं आता त्या चॅनलवर चालतात.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही सणाला घरी जाता, पाय पसरून झोपता. मी दर रविवारी जातो, पण शूटिंगची वेळ गाठायला. अंगणात पाय ठेवला की शेजारची काकू पदर सारखा करते. भाकरी थापता थापता आई विचारते, "हे घेतोयस का? मग दुसरी परात काढते, हिला पोचा आलाय." माझ्याशी कुणी नुसतं बोलतच नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. उसाच्या बांधावर आप्पा मोजणीवाल्याला झापतात, असा सीन होता. बोलता बोलता ते डुलले आणि पाण्याच्या पाटात धपकन बसले. आख्खी टीम हसली. मीही हसलो. म्हणालो, "आप्पा, एक नंबर! अजून एकदा, फक्त जरा अलीकडं पडा."

ते उठले. धोतर पिळलं. आणि अलीकडं पडले.

तिसऱ्या वेळी कॅमेरामन म्हणाला, "दादा, त्यांचा हात बघा." हात थरथरत होता. केडगावच्या डॉक्टरांनी साखर तपासली, पार उतरलेली. सकाळची गोळी घेतली होती, पोटात मात्र काही नव्हतं.

"जेवला का नाहीत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तूच म्हणला व्हतास, जेवल्यावर तोंड सुस्त दिसतं म्हणून."

म्हणालो होतो. केव्हातरी, सहज. त्या दिवशीची यादी मी पुन्हा वाचली. बॅटऱ्या, कॉलर माइक, जादा टोपी, टीमचा चहा-नाष्टा. सगळ्यापुढं टिक होती. आप्पांचं जेवण यादीतच नव्हतं.

तो भाग टाकायचा नाही, असं मी ठरवलं. आप्पांनीच मोडता घातला. "टाक की. पडलोय ते पडलोय, आता वाया कशाला घालवायचं?" मी पहिला टेक लावला, खऱ्या चक्करेचा. इतका दुसरा कुठलाच भाग चालला नाही. आजही खाली लोक लिहितात, "आप्पा, परत पडा ना." आणि आप्पा शेजारच्या पोराकडून ते वाचून घेतात आणि मला फोनवर विचारतात, "मग, कवा पडायचं?"

मागच्या बुधवारी मी न कळवता घरी गेलो. कॅमेरा नाही, टीम नाही. गाडीचा आवाज ओळखून आप्पा आत गेले आणि टोपी घालून ओट्यावर येऊन बसले. आईनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

"काढ कॅमेरा. ऊन चढायच्या आत घिऊ."

"आज काही घ्यायचं नाही, आप्पा. सहज आलोय."

मागून दुसरी गाडी येतेय का, ते त्यांनी रस्त्याकडं मान लांबवून बघितलं. मग माझ्याकडं.

"मग आलास कशाला?"

"जेवायला," मी म्हणालो. आईनं दोन ताटं मांडली. आप्पांनी घास हातात घेतला आणि थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी तो तोंडात घातला.

घर सोडताना एकही वस्तू मागं राहिली नाही, याचा मला अभिमान होता. आता घर म्हणजे ती जागा, जिथं माझा बाप माझ्या खुणेशिवाय जेवत नाही.

येत्या रविवारच्या यादीत पहिली ओळ 'आप्पांचं जेवण' अशी आहे. दुसरी, 'कोरडं धोतर, तीन.'